पिठाच्या पेटीतलं बाळ

व्हायोलिनचा आवाज पुलापाशी आला, तेव्हा दोमितिलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाच्या पेटीत होते. बाळ येशूला तिने तळाशी दाबलं, वरचं पीठ सारखं केलं, झाकण लावलं आणि घाईघाईने हात पुसले.

बाळ तिचं नव्हतं. आईचं होतं, वीतभर, लाकडी, एका कानाचा टवका उडालेलं. आई गेल्यावर ते थोरल्या एर्सिलियाकडे गेलं, आणि मयताच्या दिवशीच दोघी बहिणींचं जे फाटलं ते अकरा वर्षं तसंच राहिलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला एक पहिल्या बाकावर बसायची, दुसरी शेवटच्या. शेजारच्याला शांतीचा हात द्यायची वेळ आली की मध्ये सगळं गाव असलेलं बरं.

काल एर्सिलिया दूध घालायला बाहेर पडली आणि दोमितिलाने तिच्या घरच्या नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीतून बाळ उचललं.

तसं त्यात गावाला काही वावगं वाटलं नसतं. नाताळात गव्हाणीत निजवलेलं बाळ फेब्रुवारी लागताना उचलून उभं करायचं आणि गावाला जेवू घालायचं. जे घर चालढकल करतं, त्याचं बाळ शेजारी चोरतात. मग घरमालकीण मेणबत्त्या आणि गाणारी माणसं घेऊन दारोदार शोधत फिरते. तिला कुणी दार बंद करायचं नाही. बाळ सापडलं की चोराला मिठी मारायची आणि सगळ्यांनी जेवायला जायचं. दरवर्षीची गंमत.

दोमितिलाची गंमत नव्हती. तिची योर्लेनी पायी चिलीला निघाली होती, आणि वाळवंटाच्या हद्दीवरून तिचा शेवटचा निरोप येऊन एकोणीस दिवस झाले होते. घरचं कुणी वाटेत असलं की आई याच बाळासमोर हात जोडून बसायची. दोमितिलाने हात जोडले नव्हते. तिने दरडावलं होतं, "माझी पोर पोचल्याचं कळेस्तोवर तू इथनं हलायचं नाहीस." आणि पोरीचा फोटो त्याच्या पाठीखाली सरकवला होता. आता कुणी बाळ नेलं तर पोर गेली, अशी तिची खात्रीच झाली होती. ती भीतीने अर्धी झाली होती.

"काय गं दोमितिला, चोर आहे का घरात?" सिप्रियानोकाका दारातूनच ओरडले. हनुवटीखाली व्हायोलिन, आणि चार घरची गोड दारू पोटात.

"तुम्ही आलात ना, आता आहे."

सगळे हसले. वीसेक माणसं होती, आणि मधोमध एर्सिलिया. अंगावर जाड लोकरी रुआना, गळ्यात आईचा पिवळा रेशमी रुमाल. त्या रुमालाची चार टोकं धरूनच बाळाला मिरवत न्यायचं असतं. तो नसला तर बाळ उभं करत नाहीत.

"येऊ का?" एर्सिलियाने विचारलं.

"रीत आहे. नाही कसं म्हणू?"

शोधाशोध सुरू झाली. कुणी गादी उलटली, कुणी कोंबड्यांच्या टोपलीत डोकावलं.

"योर्लेनीचा फोन येतो की नाही?" शेजारच्या उबाल्दिनाने विचारलं.

"येतो की. मजेत आहे."

एर्सिलियाने वळून धाकटीकडे पाहिलं. मग तिच्या कोपरांकडे. "आरेपाच्या भाकऱ्या करत होतीस?"

"हो."

"चूल तर थंड आहे."

दोमितिलाने बाह्या खाली ओढल्या. एर्सिलिया सरळ पेटीपाशी गेली. "आईची पेटी."

"माझ्या वाट्याला तेवढीच आली."

व्हायोलिन थांबलं. सगळी माणसं खाली बघायला लागली. एर्सिलियाने झाकण उचललं आणि ती लोकांकडे पाठ करून वाकली. रुआना पसरला आणि त्याआड पेटी दिसेनाशी झाली. दोमितिलाने मनातल्या मनात मरियेची प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यावर पुढचे शब्दच आठवेनात. एर्सिलियाचे खांदे हलले, थांबले, पुन्हा हलले. एवढा वेळ पिठात कुणाला लागतो?

"लागलं का काही हाताला?" काकांनी विचारलं.

"पीठ," एर्सिलिया म्हणाली आणि तिने झाकण लावलं. "नुसतं पीठ आहे. चला, पुढच्या घरी."

दोमितिलाच्या जिवात जीव आला.

उंबऱ्यावर एर्सिलिया थांबली. अंगणात अजून चांगलं ऊन होतं, तरी तिने रुआना गळ्यापर्यंत ओढून घेतला. "पेटीचं झाकण नीट लावत जा, दोमी. गारठा पडलाय."

"मला नको शिकवूस."

माणसं पुढच्या घरी गेली, तिथून त्याच्या पुढच्या. सगळ्यांत मोठा आवाज एर्सिलियाचाच येत होता: बाळ हरवलं, बाळ शोधा.

शोध म्हणावं. दोमितिलाला हसू फुटलं. लहानपणी लपंडावातही हिचं असंच. पुढ्यात येऊन उभी राहायची आणि धाकटीला न बघताच निघून जायची. आंधळीच मेली.

गाणं चढावर गेल्यावर तिने दाराला कडी घातली, पेटी उघडली आणि बाळ ठीक आहे ना ते बघायला बाह्या सरसावल्या.

तळापर्यंत हात घालावा लागला नाही. बाळ वरच होतं, योर्लेनीचा फोटो त्याच्या छातीशी होता, आणि दोघांच्या अंगावर, चारी कडा नीट खोचून, आईचा पिवळा रुमाल पांघरलेला होता.