चौदा महिन्यांची सवत

रेस्टॉरंटमध्ये आज तिच्या नवऱ्याने बनवलेल्या चीजची मेजवानी होती. प्रत्येक तुकड्याबरोबर वेगळी वाइन. तो टेबलाटेबलाशी थांबून सांगत होता, "ही चकती चौदा महिने जपलीय. रोज सकाळी मिठाच्या पाण्याने पुसायची, हळूच कूस बदलून द्यायची. नुसत्या स्पर्शाने कळतं, हिला काय हवंय ते!" "हात आहेत की जादू!" कुणीतरी म्हणालं. कोपऱ्यात बसलेल्या तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा महिन्यांत याच हातांनी तिच्या दुखऱ्या खांद्याला बामसुद्धा चोळला नव्हता. शेवटी तो तिच्यापाशी आला, तुकडा पुढे केला आणि निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा उभा राहिला. मेली सवत जिभेवर लोण्यासारखी विरघळली. "खारट झालीय," ती म्हणाली. पाहुण्यांना विसरून तो तिच्याशेजारी मटकन बसला. "खरंच?" तिने घोट घेतला. मघापासून आंबट लागणारी वाइन आता गोड लागली.