पळायची वही

“मग संगमेश्वरचा पूल ओलांडला की वरच्या रानात शिरायचं,” विनीत म्हणाला. “मेलेल्यांना पोहता येत नाही. नदी आपल्या मागे, सह्याद्री पुढे. करतील काय झॉम्बी?”

“पुलावरून चालता येतं की त्यांना,” त्याचा मित्र सलिल म्हणाला.

“पूल पाडायचा.”

पूल कशानं पाडायचा ते वहीत नव्हतं. बाकी मात्र झाडून सगळं होतं. मेणात बुडवलेल्या काडेपेट्या, सुकट, कुळथाचं पीठ, मीठ, माणशी रोज तीन लिटर पाणी. सीडीवर तीन इंग्रजी सिनेमे पाहिले काय आणि दोघांची डोकी फिरली काय! २००४ सालचा मे महिना, रत्नागिरीत घरोघरी आढीतले आंबे पिकलेले, आणि हे बी.एस्सी. झालेले दोन घोडे घरापुढच्या खळ्यात बसून जगबुडीची तयारी करत होते.

ओटीवर आरामखुर्चीत विनीतचे वडील, राजाभाऊ मास्तर, बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं, आणि पैकीच्या पैकी मार्क एकालाही दिले नाहीत. दोन वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं, वाचाही गेली. लाल पेन तेवढं सुटलं नाही. घरात कागद दिसला रे दिसला, की डाव्या हातानं तपासायचा. लग्नपत्रिका झाल्या, औषधांच्या चिठ्ठ्या झाल्या. सुनेच्या लोणच्याच्या वहीत ‘मीठ चवीपुरतं’ होतं, त्यापुढे त्यांनी लाल शाईत ‘किती?’ असं विचारून ठेवलं होतं.

ती सून, उल्का, विळीवर कैऱ्या फोडत होती. नवरा वेद मुंबईत नोकरीला, त्यामुळे दिवाळीत लग्न होऊन आली तेव्हापासून घर हिच्याच जिवावर चाललं होतं.

“किती जणांनी निघायचं, भावजी?” तिनं विचारलं.

“चार. वेददादा, तुम्ही, मी आणि सलिल.”

“आणि मामंजी?”

विनीतनं ओटीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “वहिनी, गंमत आहे हो ही. पण नियम म्हणजे नियम. धावेल तो वाचेल. सिनेमात असंच असतं.”

“सिनेमा कशाला हवा?” उल्का म्हणाली. “मी तीनदा पळालेय.”

दोघे बघतच राहिले. ही बाई सहा महिन्यांत चार वाक्यांपेक्षा जास्त बोलली नव्हती.

“मालवणाकडे आमचं गाव. देवाचा कौल झाला, की तीन दिवस तीन रात्री सगळो गाव भायर! गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. मागे एक जीव ठेवायचा नाही. वेशीपलीकडे रानात झोपड्या घालायच्या, तिथंच चूल मांडायची. तेवढे दिवस गाव त्यांचं.”

“कुणाचं?” सलिलनं विचारलं.

“नाव नाही घ्यायचं.”

तिनं विळी आडवी केली. “भरदुपारी ओहोळाच्या अल्याडून मी आमचंच घर बघायचे. तुळस दिसायची, दार दिसायचं. पण एका कौलातून धूर नाही. कोंबडा नाही, की रहाटाची करकर नाही. आपण नसताना आपलं गाव कसं असतं, ते दिसतं हो तिथून. अंगावर काटा येतो, पण भीतीनं नाही. हात आपोआप जोडले जातात.”

भर उन्हात विनीतच्याही अंगावर काटा आला. त्यानं वहीभर जे रंगवलं होतं, ते हिनं चूल आणि कोंबड्या घेऊन केलं होतं.

“सगळ्यांत पुढे कोण पळतं?” त्यानं विचारलं. “जवान पोरं?”

“छे! ज्याला उठता येत नाही, तो. आमच्या वाडीतला आत्माराम आजा दहा वर्षं अंथरुणावर होता. त्याची डोली पुढे. मागून सगळी वाडी, डोलीच्या चालीनं. डोलीच्या पुढे पाऊल टाकायची कुणाची छाती नाही.”

“आणि खरंच कुणी पाठीस लागलं तर?”

“लागू दे की! एक माणूस जरी मागं राहिलं, तर गाव निघालं असं होतच नाही, भावजी. नुसती माणसं पळाली, असं होतं.”

विनीतच्या डोळ्यांपुढे ती वाट उभी राहिली. एका म्हाताऱ्याच्या डोलीमागून हळूहळू चाललेली शंभर माणसं, आणि कुणालाही घाई नाही. त्याचं मन भरून आलं, आणि लाजही वाटली. त्यानं वहीचं पहिलं पान काढलं. हे पान आठवडाभर त्यानं उघडलं नव्हतं. चार नावं होती. त्याखाली त्यानंच लिहिलं होतं, ‘ज्यांना धावता येत नाही त्यांना मागे ठेवावे लागेल. बाबा?’

त्या ओळीपुढे लाल शाई होती.

सकाळी वही झोपाळ्यावर राहिली होती, ते त्याला आता आठवलं. डाव्या हाताची, वाकडीतिकडी बरोबरची खूण. आणि तिच्या शेजारी, दहापैकी दहा.

विनीत उठला. ओटीवर जाऊन तो खुर्चीपाशी खाली बसला. बाबांच्या खिशातलं लाल पेन त्यानं काढून घेतलं आणि ती सगळी ओळ खोडली. मग चारही नावांच्या वर, समासात जागा करून, एक नाव लिहिलं आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

“बाबा,” तो म्हणाला, “एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही चुकीचं तपासलंत.”