हलणारा पाय

"रघूच्या हातात पत्ते असले की पोर त्याच्यापाशी टाकून जाऊ नकोस गं," असं सासूबाईंनी बजावलं होतं. सगुणेने ते हसण्यावारी नेलं. रघू रेल्वेत सुतार. कल्याणच्या गोऱ्या ड्रायव्हरांकडून तो पोकर शिकून आला आणि खोक्यांच्या फळ्या जोडून त्याने घरीच टेबल केलं. वर हिरव्या बनातीचं लोकरी कापड ताणलं, कडेने जुन्या लुगड्याची झालर पार जमिनीपर्यंत सोडली आणि डावावर लावायला चिंचोके आणले.

त्या दिवशी ती विहिरीवरून आली तर पाळणा रिकामा, मागचं दार सताड उघडं आणि दारापुढे तळं. रघू मात्र दौलत आणि रेल्वेतल्या आणखी दोघा सोबत्यांबरोबर टेबलाशी पत्ते खेळत बसलेला. चार माणसांत नवऱ्याला हटकायची रीत नव्हती, तरी ती ओरडली, "अहो, परशुराम कुठाय?"

"वहिनी, ह्याला आज ऐकू जायचं नाही," दौलत हसला. "पानं अशी भारी आलीत की बसल्यापासून पाय हलतोय गड्याचा. आम्ही भिऊन डाव सोडतोय!"

रघूने कानापर्यंत लाल होत झालर उचलली. टेबलाच्या दोन पायांना झोळी बांधलेली, तिची दोरी त्याच्या पायाच्या अंगठ्याला, आणि आत पोर गाढ झोपलेलं.

"हळू बोल," तो पुटपुटला. "ह्यांच्यादेखत पाळणा हलवत बसलो असतो, तर कल्याणभर हसले असते."

सगुणेचा जीव भांड्यात पडला. ती भाकऱ्या थापायला बसली खरी, पण हात पिठात, म्हणून ही गोष्ट वाचणाऱ्या तुम्हालाच विचारते आहे: जरा वाकून बघता का हो, जागा तर नाही ना झाला?