गवतावर एकदा

बल्गेरियातल्या प्लोव्दिवच्या प्रयोगशाळेतल्या त्या कुत्रीला औषधाचा थेंबही दिला नव्हता. ती ठणठणीत होती. औषध दिलेल्या कुत्र्यांशी तिचे अवयव ताडून बघायचे, म्हणून आज तिलाही इंजेक्शन देऊन मारायचं होतं. “सर, एकदा तरी गवतावर सोडू या हिला,” तरुण डॉक्टर रादोस्तिना म्हणाली. “जन्मात बाहेर पडलेली नाही.” “नियमात बसत नाही गं,” म्हणत म्हाताऱ्या दिमोवसरांनीच मागचं दार उघडलं. हिरवळीवर बसून रादोस्तिनाने डब्यातला बानित्साचा तुकडा पुढे धरला. “ये गं बये!” चीजच्या वासाने कुत्री उंबरठ्यापर्यंत आली. पंजा गवताला लागला मात्र, चटका बसल्यासारखी केकाटून आत पळाली. दोघं मागोमाग धावली. कुत्री रोजच्या तपासणीच्या, त्याच इंजेक्शनच्या टेबलाला पुढचे पाय टेकून, उचलून घ्या म्हणून उभी होती. रादोस्तिनाने तिला छातीशी धरलं. कुत्रीची थरथर थांबेपर्यंत सर सुई पाठीमागे लपवून उभे राहिले.