घराण्याचं दुखणं

“ताई, मुलीचं थायरॉईडही तपासून घ्या,” रक्त काढणारी बाई म्हणाली होती. मुलीच्या आईने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. मुलीला स्नायूंचा आनुवंशिक आजार होताच. पुढे पोरीचं तोंड सुजलं, भर उन्हाळ्यात ती कुडकुडायला लागली, तरी सासूबाईंचं ठरलेलं, “ह्यांच्या घराण्याचं दुखणं गं ते! एकाच जिवाला दोन-दोन आजार कशाला होतील?”

वर्षाने तपासणी केली तेव्हा कळलं, पोरीचं शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटलं होतं. रोजच्या एका गोळीने ती पुन्हा खेळायला लागली.

“मी म्हणतच होते, तपासा म्हणून!” सासूबाई घोगऱ्या आवाजात शेजारणीला सांगत होत्या.

त्याही भर उन्हात, सुजल्या तोंडाने, शाल गुंडाळून बसलेल्या. तुमच्याही घरात कोणी असं बसलंय का, बघा जरा.