पठारावरचा अंधार

नर्सबाईंनी टॉर्चला लाल कागद लावायला साफ नकार दिला.

"त्या उजेडात मला सुईचं टोकसुद्धा दिसणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि दिवे लावू नका म्हणून सांगायला आलाय? आधी लावायला दिवे तर असू देत."

दातांची डॉक्टर जिलेटिनच्या लाल कागदाची गुंडाळी हातात घेऊन आरोग्य केंद्राच्या दारात उभी राहिली. आकाश पाहणाऱ्यांच्या गटाची ती प्रमुख. सगळे तिला कप्तान म्हणत आणि तीही कप्तानासारखीच वागे. शनिवारी या पठारावर त्यांचं शिबिर व्हायचं होतं; लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, म्हणून तो कागद. त्या रात्री चंद्र नसणार होता आणि शहर डोंगरापलीकडे राहिलं होतं. जागा शोधत ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा तारे पार जमिनीला टेकलेले पाहून ती गाडीचे दिवे विझवून रस्त्यातच उभी राहिली होती. वस्तीत एक दिवा नव्हता. इतका अंधार कुठून आला, हे विचारायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

ते आता नर्सबाईंनी न विचारता सांगितलं. वस्तीचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. तेव्हापासून पंप बंद, बायका ओढ्यावरून पाणी आणत. पिठाची गिरणी बंद. केंद्रातला फ्रिज बंद, म्हणून नर्सबाई लशी बर्फाच्या डब्यात घालून खालच्या गावातून दुचाकीवर आणत. गेल्या आठवड्यातलं एक बाळंतपण त्यांनी टॉर्च दातांत धरून केलं होतं. गिरणीवाल्याच्या सुनेचेही दिवस भरत आले होते. वीज कार्यालयात जाऊन विचारलं की उत्तर एकच: सामान आलेलं नाही.

"तुमची मंडळी येणार, आमचा अंधार बघणार, वा वा करणार आणि घरी जाऊन दिवे लावणार," नर्सबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

कप्तानाचे कान तापले. राग नर्सबाईंचा नव्हता. या भागाचा वीज अभियंता तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

तिने तसं सांगूनच टाकलं. उद्या त्याला धारेवर धरते, म्हणाली. दिवे लागल्याशिवाय त्याला सुखाने झोपू देणार नाही.

 मग नर्सबाईंनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लाल कागदाचा एक तुकडाही मागून घेतला. गिरणीवाला तिला गाडीपर्यंत सोडायला आला. तंबूंसाठी गिरणीमागची जागा साफ करून देतो, म्हणाला. एवढं बोलायला आजवर इथे कुणी आलं नव्हतं.

घाट उतरताना तिचं डोकं भणभणत होतं. आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याचे डबे, त्याचे अभ्यास, त्याची आजारपणं, सगळं तिने केलं. आणि त्याच पोराने माणसांना अंधारात ठेवून खुशाल सही-शिक्के करत बसावं? वाटेत गटातल्या औषधविक्रेत्याचा फोन आला. मोठी दुर्बीण कुणाच्या गाडीतून न्यायची आणि सतरंज्या पुरतील का, असं तो विचारत होता. ती त्याच्यावर खेकसली. सतरंज्यांचं मेलं काय घेऊन बसलास, म्हणाली. संध्याकाळी भावाला फोन लावला तर भावजयीने उचलला. ते झोपलेत, म्हणाली. इतक्या लवकर तो कधी झोपत नसे.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ती थेट त्याच्या कार्यालयात शिरली. खोलीत दोन कारकून होते आणि कामाची वाट पाहत बसलेले तीन-चार वायरमन. भाऊ उठून उभा राहिला. ताई, आत चल, म्हणाला.

ती जागची हलली नाही. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलली. ओढ्यावरच्या पाण्याचा विषय काढला, दातांत धरलेल्या टॉर्चचा काढला. वर्तमानपत्रात देईन, सगळी वस्ती तुझ्या फाटकावर आणून बसवीन, असंही सांगितलं. एक वायरमन काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. भावाने त्याला हातानेच थांबवलं.

"तुला वाढवलं याची आज लाज वाटली मला," ती म्हणाली.

कारकून खाली मान घालून बाहेर गेले. त्यांच्यामागून वायरमनही निघाले. भावाने दार लावून घेतलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्याशी रागाने बोलला, तेही हळू आवाजात.

"सामान कधीच आलंय."

त्याने मागची खिडकी उघडली. खाली आवारात ट्रकवर नवा कोरा ट्रान्सफॉर्मर बांधून ठेवला होता.

"घरी येऊन काय म्हणाली होतीस? असा अंधार जन्मात पाहिला नाही. शिबिरापर्यंत तिथे कुणी दिवा लावला नाही म्हणजे मिळवली. तुला नाही म्हणायची सवय नाही मला, ताई. त्या नर्सबाईंच्या तोंडावर खोटं बोलतोय मी. घरी बायको बोलत नाही. ही पोरं रोज विचारतात, साहेब, निघायचं का."

ती खिडकीशी गेली.

"आत्ता ट्रक काढला तर संध्याकाळी दिवे लागतील," तो म्हणाला. "तू सांगशील तसं."

खाली वायरमन ट्रकभोवती जमले होते आणि वर खिडकीकडे पाहत होते. तिने खिडकी लोटून घेतली.

"सोमवारी पाठव," ती म्हणाली.