जरासा वाकडा दात

“बाबा, तुम्हाला स्वतःला परदेशात जायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून ताईला पाठवताय का?”

बाबांच्या हातातली मेण कोरायची सुरी थांबली. समोरची कवळी अर्धीच झाली होती. पुढचे दात बसले होते, बाकीचे डबीत वाट बघत होते.

“हे विचारायला कोणी सांगितलं तुला?”

“मैत्रिणींनी. माझ्यात हिंमत नाही म्हणाल्या.”

“झाली ना सिद्ध हिंमत? आता पाणी आण.”

धाकटी हसत पाणी आणायला पळाली. अगदी परवापरवापर्यंत पाहुणे आले की पडद्यामागे जाऊन उभी राहणारी पोरगी. शाळेच्या नाटकात काम काय केलं, तोंडच सुटलं तिचं. घरात आता तिला सगळे भोंगा म्हणत, आणि हाक मारली की ती ऐटीत ओ देई.

तिचा प्रश्न मात्र बाबांच्या छातीत जाऊन बसला. तिथे आधीच पुष्कळ धूळ होती. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देता देता, प्लास्टर घासता घासता खोकला कायमचा मुक्कामाला आला होता. तरुणपणी त्यांनाही एका विद्यापीठाने बोलावलं होतं. जाणं झालं नाही. का, ते घरात कोणी विचारत नसे.

आता थोरलीला तिकडे मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. राहिली होती ती वकिलातीतली व्हिसाची मुलाखत.

थोरली खिडकीशी बसून दातांच्या रंगछटा जुळवत होती. मुलाखतीची धास्ती वाटली की ती वर्कशॉपमध्ये येऊन बसते, असा बाबांचा समज होता.

“कशाला हात खराब करतेस? आत जाऊन तयारी कर.”

“बरं वाटतं इथे.”

प्रवेशाचं कळलं त्या दिवशी ती एकदाच म्हणाली होती, “मी इथेच तुमच्या हाताखाली काम केलं तर?” बाबा भरल्या ताटावरून उठले होते. तो विषय पुन्हा निघाला नाही.

“बाबा, हा दात तिरका बसलाय.” पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता भोंग्याने कवळीकडे बोट दाखवलं.

“मुद्दाम बसवलाय. सगळे दात कवायतीला उभे केल्यासारखे सरळ दिसले, की बघणाऱ्याला लगेच कळतं, खोटे आहेत. एक जरासा वाकडा ठेवायचा. मग कोणाला शंका येत नाही.”

“कमालच आहे तुमची,” म्हणत ती वाकून बघत राहिली.

मुलाखतीचा सराव भोंग्याने स्वतःकडे घेतला. संध्याकाळी बाबांचा भिंगाचा चष्मा नाकावर चढवून ती साहेब व्हायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. बाबा बाहेर खुर्ची ओढून बसत. आईने हाक मारली तरी हलत नसत.

“शिक्षण संपल्यावर तू परत येशील कशावरून?” आतून साहेबांचा आवाज.

मग थोरलीचं पुटपुटणं.

“नाही, ताई. हे पाठ केल्यासारखं वाटतंय. आधी माझ्याकडे बघ. श्वास घे. मग बोल. पुन्हा.”

बाबा आईला म्हणाले, “पोरगी नुसती बडबडी नाही. हाडाची मास्तरीण आहे.”

“हं,” आई म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

मुलाखतीच्या दिवशी बाबा वकिलातीच्या समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. ठेवणीतला शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. थोरली बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघूनच त्यांनी काय ते ओळखलं.

“परत येण्याबद्दल विचारलं,” ती म्हणाली. “मी अडखळले, बाबा. मग त्यांनी पुढे काही विचारलंच नाही.”

“अगं, एवढा सराव केला होतास.”

“हो.”

घरी आल्यावर बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगछटांची डबी कपाटात ठेवून कुलूप घातलं.

“यापुढे तू वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही,” ते थोरलीला म्हणाले. “माझंच चुकलं. तुझं लक्ष तिथे लागू दिलं.”

घर मुकं झालं. भोंगासुद्धा वाजेनासा झाला. थोरली दिवसभर पुस्तक उघडून बसे आणि पान उलटत नसे. बंद दारामागून बाबांचा खोकला तेवढा ऐकू येई.

अखेर एका संध्याकाळी जेवताना बाबांनीच तोंड उघडलं. आवाज खोल गेलेला.

“विद्यापीठाशी बोललो मी. पुढच्या वर्षीही जागा देतील म्हणाले. पुन्हा अर्ज करायचा. मी मरेपर्यंत प्लास्टर घासेन, पण हिला ती धूळ लागू देणार नाही.” मग ते धाकटीकडे वळले. “भोंगा, सराव पुन्हा तूच घे. आणि या खेपेला अजून कडक.”

थोरलीच्या हातातला घास ताटात परत गेला. तिने धाकटीकडे बघून मान हलवली, अगदी बारीक. नको, अशी.

धाकटीने ते पाहिलं. ताट बाजूला सारलं आणि उठून उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. शाळा संपली की मी नाटक शिकणार.”

“आत्ता हे कुठून काढलंस?” बाबांनी कपाळाला हात लावला. “इथे ताईचं आयुष्य अडलंय. आणि तुला काय येतं गं नाटकातलं? एकदा स्टेजवर उभी राहिलीस, एवढंच ना?”

“तिचं ते अडखळणं मी बसवलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “पहिल्यांदा फार खोटं वाटत होतं. मग तुमचा तो दात आठवला.”